मार्शलचा घरचा आवाज

लाली बेनितेसला मार्शलचा पहिला फोन आला तेव्हा तिने त्याला चांगलंच झापलं होतं.

त्यात तिची काही चूक नव्हती. मार्शल लारामेंदींचा आवाज देशात कोणाला ठाऊक नव्हता? राष्ट्रीय सण असो, नदीला पूर येवो, नाहीतर कुठे कट सापडो, चौकाचौकांतले कर्णे आधी खरखरायचे आणि मग तो आवाज सुटायचा. खणखणीत, शाळेत घोटवलेल्या स्पॅनिशमधला. "हे राष्ट्र माझ्या मुठीत सुरक्षित आहे! आणि ही मूठ उघडायची कोणाची छाती असेल, तर त्याने पुढे यावं!" देवळाच्या घुमटावरची कबुतरं उडायची, कुत्री खाटांखाली शिरायची. लाली ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत होती तेव्हा भाषण संपेपर्यंत पोरींना उन्हात उभं करत. एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, तर आवाज थांबेपर्यंत तिला उचलायला कोणी वाकलं नाही. मार्शल म्हणजे तो आवाज. त्यापलीकडे माणूस असेल असं कोणाच्या मनातही येत नसे.

आणि त्या दिवशी हेडफोनमध्ये आला तो आवाज बारीक होता, थोडा घोगरा. बोलणंही ग्वारानीत, घरच्या भाषेत, गावाकडचा एखादा चुलता बोलावा तसं.

"पोरी, जरा आमच्या गावाकडची लाइन दे की."

लाली महालाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीनच लागली होती. तिची आई देसिदेरिया जोगिणींच्या मठाचे कपडे इस्त्री करायची, त्या ओळखीवर लाली शिकली आणि स्वच्छ स्पॅनिश बोलते म्हणून इथे चिकटली. तिला वाटलं, हा जाईच्या वेलींना पाणी घालणारा म्हातारा माळी. मागे एकदा तो बहिणीला फोन लावताना सापडला होताच.

"आजोबा," तीही ग्वारानीत उतरली, "ह्यो फोन म्हंजी विहिरीवरचा रहाट हाय व्हय, कुनीबी यावं आन् ओढावं? साहेबाच्या कानावर गेलं तर कातडं सोलंल तुमचं. ठेवा खाली!"

पलीकडून खुदखुदल्यासारखं हसू. "ठेवतो बाई, ठेवतो. साहेबाला सांगू नगंस, हां."

शेजारी बसलेल्या मुख्य ऑपरेटर एर्मिनियाबाई बोर्डाकडे बघत होत्या. सगळ्यात वरच्या ओळीतला, पितळी कड्याचा दिवा नुकता विझला होता. तो दिवा एकाच माणसासाठी लागायचा. बाईंनी कानावरचा हेडफोन काढला.

"लाली, तू आत्ता कोणाला आजोबा म्हणालीस?"

दुपारभर लाली मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. आपल्याला न्यायला येतील तेव्हा पर्स शोधत बसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. जीप आली. शिपाई आत आला. त्याने टेबलावर एक टोपली ठेवली, फडक्याखाली चिपाच्या गरम भाकऱ्या होत्या, चीज घालून भाजलेल्या. आणि निरोप होता की यापुढे साहेबांची लाइन ही मुलगीच सांभाळेल.

अशी लालीची आणि त्या दुसऱ्या आवाजाची ओळख झाली.

दुपारची झोप झाली की तो फोन करायचा. तोंडात तेरेरेची नळी असायची. गार पाण्यातला तो पाला ओढल्याचा सुर्र आवाज मधूनमधून यायचा. भाषणात एकाही शब्दाला न अडखळणारा हा माणूस फोनवर शब्द शोधायचा. वाक्य अर्धवट सोडून द्यायचा. हुकूम तर तो कधी सोडतच नसे. मंत्र्याला असो की स्वयंपाक्याला, "असं करावं म्हनतो मी... होय ना?" असं विचारायचा. नुसतं ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी लाजाळू, एकटा पडलेला गृहस्थ आहे.

तो लालीच्या आईची विचारपूस करायचा. आईला जुना खोकला आहे कळल्यावर लष्करी इस्पितळातून औषधाच्या बाटल्या यायला लागल्या. लालीचा बाप काटेरी रानातल्या युद्धात तहानेने मेला होता. मार्शल तेव्हा त्याच रानात साधा लेफ्टनंट होता.

एकदा लालीने धीर करून विचारलं, "साहेब, तुमी भाषनात येवढं वरडता. घसा दुखत न्हाई?"

"दुखतो की. मिठाच्या पान्यानं गुळण्या करतो. पर ती स्पॅनिश हाय गं. लई चढून बोलल्याबिगर लोकास्नी ती खरी वाटत न्हाई. मलाबी न्हाई वाटत." सुर्र करून त्याने एक घोट घेतला. "त्या रानात तुज्या बापासंगट आमच्यापैकी कुनाच्याच घशात पानी नव्हतं. तवा एकमेकाच्या कानाला लागून बोलायचो. माजा खरा आवाज त्यो. ह्यो."

लाली त्या दिवशी घरी गेली ती भारावूनच. देशातल्या सगळ्या लोकांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटायला लागलं.

तिचा धाकटा भाऊ क्रिस्पीन बंदरावर हमाल होता. अंगाने रुंद, तोंडाने फाटका.

"ताई, तुज्या मार्शलनं काल कर्ण्यावर सांगितलं, हमालांच्या हाडांचा पूल बांधीन. तुला फोनवर काय म्हनला? हाडं जरा धुऊन ठिवा म्हनला?"

"ते बोलायचं असतं रं. खरा मानूस येगळाच हाय. लई मऊ."

"आगं, मऊ तर चिखल बी असतो. पाय रुतल्यावर कळतं."

"तू गप जेव," आई म्हणाली. "मला खोकल्याचं औषद त्योच देतो."

त्या सुमारास एक प्रसंग झाला. क्रिस्पीनला शाळेत शिकवलेल्या मास्तरांनी गावातल्या वाचनालयात काहीतरी बोलून टाकलं होतं. मार्शलने पोलीसप्रमुखाला फोन लावायला सांगितला. लाइन तुटू नये म्हणून लालीला कानाला हेडफोन ठेवूनच बसावं लागे.

"ते मास्तर," मार्शल म्हणाला, "लई दमल्यात बिचारे. वय झालं. त्येंस्नी जरा विसावा द्या. होय ना?"

"होय साहेब," पोलीसप्रमुख म्हणाला.

लालीला बरं वाटलं. थोड्याच दिवसांत मास्तरांच्या घराच्या खिडक्या बंद दिसल्या. नदीपलीकडे मुलीकडे गेले, असं शेजारी म्हणाले. म्हणताना त्यांनी लालीकडे पाहिलं नाही. तिने घरी येऊन आईला सांगितलं की बघ, मास्तरांना रजा दिली साहेबांनी.

मग बंदरावर संप झाला. क्रिस्पीन पुढे होता. तिसऱ्या गोदामाला आग लागली, ती कोणी लावली ते कधीच कळलं नाही, आणि त्या दिवशी कर्ण्यांतून जो आवाज आला तसा लालीने पूर्वी ऐकला नव्हता. "मी त्यांना उसाच्या फडातून ओढून काढीन! मी त्यांना त्यांच्या आयांच्या डोळ्यांदेखत..." पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. क्रिस्पीन खरंच उसाच्या फडात होता, नदीच्या वरच्या अंगाला मावशीच्या गावी. आईने जेवण टाकलं. कर्णा वाजला की ती उशी डोक्यावर घेऊन बसायची.

लालीला मात्र तितकी भीती वाटत नव्हती. ओरडणारा मार्शल तिच्या लेखी खरा नव्हताच. तिने खऱ्याला विचारायचं ठरवलं.

"साहेब, येक बोलू?" दुपारच्या फोनला ती म्हणाली आणि बोलता बोलता रडायलाच लागली. भाऊ आहे, एकुलता आहे, आग त्याने लावली नाही, आईने अन्न सोडलंय.

त्याने तिला पुरतं बोलू दिलं. मध्ये नळीचाही आवाज नाही.

"रडू नगंस, पोरी. नाव काय त्येचं?"

"क्रिस्पीन, साहेब."

"आन् फडात झोपतो व्हय? साप असत्यात गं तिथं. बलाव त्येला घरी. आईच्या हातचं खाऊ दे. कोन हात लावतंय बघतो मी." मग म्हणाला, "पोलीसप्रमुखाला लाव. तुज्यासमोरच सांगतो."

लालीने डोळे पुसत प्लग घातला.

"क्रिस्पीन बेनितेस म्हनून पोरगा हाय," तो घोगरा, मायेचा आवाज म्हणाला. "आपल्या लालीचा भाऊ. दोन दिसांत घरी येतोय. लई दमलाय. त्येला विसावा द्या. होय ना?"

"होय साहेब."

आणि लाली हेडफोनमध्ये म्हणाली, "देव तुमचं भलं करो, साहेब." एर्मिनियाबाई पलीकडच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून दुसऱ्याच एका कॉलचा प्लग काढून परत घातला.

क्रिस्पीन निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी नावेने आला. दाढी वाढलेली, पायांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. आईने मांडिओकाचे कंद उकडले, कोंबडी केली. तो जेवत असताना लाली कामावर होती. ती संध्याकाळी परतली तेव्हा ताट तसंच होतं, अर्धी कोंबडी उरलेली. दोन माणसं आली होती, साध्या कपड्यांतली, अगदी अदबीने बोलणारी. जरा सही करायला चला, लगेच सोडतो, म्हणाली. क्रिस्पीनने हात धुतले आणि गेला.

नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना तो खालच्या वळणावर सापडला. हात मागे तारेने बांधलेले. आईला बघू देऊ नका, असं सगळे म्हणत होते, पण तिने बघितलंच. तिने त्याच्या मनगटांवरची तार स्वतः सोडवली. कोणाला हात लावू दिला नाही.

लाली सुतकातही कामावर गेली. न जाऊन चालणार नव्हतं. त्या खुर्चीवरून कोणी आपण होऊन उठलं नव्हतं. पितळी कड्याचा दिवा लागला.

"काय गं पोरी, आईचा खोकला कसा हाय?"

तोच आवाज. त्यात खोट शोधावी म्हणून तिने कान टवकारले. काही नव्हतं. कालच्याइतकाच मऊ, कालच्याइतकाच खरा. तेव्हा तिला कळलं की हा माणूस तिच्याशी खोटं बोलला नव्हता. तो असाच बोलत होता. मारताना सुद्धा असाच. मास्तर कुठल्या मुलीकडे गेले तेही तिला कळलं.

"बरा हाय, साहेब," ती म्हणाली.

त्यानंतर कित्येक वर्षं ती त्याच खुर्चीवर बसली. कर्ण्यावरचे शिव्याशाप खाल्लेली माणसं पुष्कळदा जिवंत राहत, नुसती घाबरून राहत. ज्यांच्यासाठी तो हळू बोलायचा, ती राहत नसत. महालाच्या फाटकाशी कान्तालिसिया नावाची चिपा विकणारी बाई बसायची. एकदा एका दाताच्या डॉक्टरला विसावा द्यायचं ठरलं, तेव्हा लालीने चिपा घेता घेता तिच्या कानात नाव टाकलं. कान्तालिसियाने विचारलं काहीच नाही. डॉक्टर संत्र्यांच्या ढिगाखाली झोपून नावेने पलीकडे गेला.

दुसऱ्या वेळी औषधांच्या दुकानदाराचं नाव होतं. कान्तालिसियावर नजर असल्यामुळे लाली स्वतःच डोकेदुखीची पुडी घ्यायच्या निमित्ताने गेली. दुकानात त्याची बायको होती.

"बाई, त्यांना आजच्या आज कुठे तरी पाठवा."

"का गं?" ती बाई हसली. "काल खुद्द साहेबांचा फोन आला होता ह्यांना. इतकं मायेनं बोलले! मुलीच्या लग्नाचं विचारलं. म्हणाले, तू फार राबतोस. अगं, लोक उगाच भितात. तो माणूस मनाचा..."

"मऊ हाय," लाली म्हणाली.

"तेच म्हणते मी."

लाली तिच्याकडे बघत राहिली. आपल्याला कोणी असं येऊन सांगितलं असतं, तर आपण तरी ऐकलं असतं का? ती पुन्हा म्हणाली, "पाठवा त्यांना." बाईचा चेहरा आक्रसला. "कोणी पाठवलं तुला?" तिने विचारलं. लाली पुडी घेऊन बाहेर पडली. दुकानदाराला त्या आठवड्यात साध्या कपड्यांतली माणसं घेऊन गेली.

ज्या दिवशी घोडदळ मार्शलवर उलटलं त्या दिवशी रणरणती दुपार होती. पहिला तोफगोळा पडला तसं एक्स्चेंजच्या छताचा गिलावा खाली आला. मुली पळाल्या. एर्मिनियाबाई टेबलाखाली जपमाळ घेऊन बसल्या होत्या. लाली खुर्चीवरच होती. का, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

पितळी कड्याचा दिवा लागला.

"तोफखाना!" हेडफोन कानावरून उडावा असा आवाज आला. स्पॅनिश, कर्ण्यावरची, जशीच्या तशी. "राष्ट्राचा सर्वोच्च सेनापती आज्ञा देत आहे! तोफखान्याची लाइन जोडा! तात्काळ!"

इतक्या वर्षांत तो तिच्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता. सवयीने लालीचा हात प्लगकडे गेला. नदीकाठच्या तोफखान्याचा दिवा चालू होता, लाइन जिवंत होती. तिने प्लग उचललाही. खरं म्हणजे त्या ओरडण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तो पुढेही तसाच ओरडत राहिला असता तर तिने लाइन जोडून दिली असती.

पण त्याला श्वास लागला. तो थांबला. आणि मग खाली उतरून, घोगऱ्या बारीक आवाजात, ग्वारानीत म्हणाला, "लाली... पोरी. जोड की गं. लई दमलो बघ मी."

लालीने प्लग खाली ठेवला.

"लाइन मेलीय, साहेब," ती म्हणाली. "आता विसावा घ्या."

पितळी कड्याचा दिवा विझला.

संध्याकाळी तो विमानाने शेजारच्या देशात पळाला. पुढे लोक म्हणत, तोफखान्याच्या कमांडरने सकाळीच साधे कपडे चढवले होते, त्याला फोन लागला असता तरी त्याने उचलला नसता. असेलही. लालीने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. टेबलाखालच्या एर्मिनियाबाईंनी ऐकली होती, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी चौकाचौकांतले कर्णे उतरवले. लालीच्या गल्लीतला कर्णा पोरांनी ओढत आणला आणि त्यात तोंड घालून एकेक जण मार्शलसारखा गरजायला लागला. "ही मूठ! ही मूठ!" मोठी माणसं पोट धरून हसत होती. कालपर्यंत ज्या आवाजाने लघवी सुटायची, त्याची आज टवाळी चालली होती. शेजारीण दारात आली आणि आईला म्हणाली, "ह्याच आवाजानं तुजं पोर खाल्लं गं, देसिदेरिया."

आई इस्त्री करत होती. शेजारीण गेल्यावर म्हणाली, "ह्या आवाजानं न्हाई."

लालीने वळून आईकडे पाहिलं.

"जेवताना सांगितलं त्येनं मला. ताईनं साहेबाकडनं शब्द घेतलाय म्हनला. लई खूश व्हता."

"आई..." लाली म्हणाली. "येवढी वरसं... बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? येक गेला व्हता. तुला बी घालवू?" आईने बाहीची घडी उलटली. बाहेर पोरं गरजत होती. दुसरी बाही पसरून ती म्हणाली, "कसा बोलायचा गं त्यो? तुज्याशी?"

लालीला ते करायचं नव्हतं. पण आई इस्त्री थांबवून वाट बघत होती. मग लालीने घसा जरा आत ओढला आणि बोलून दाखवलं. कितीतरी दुपारी कानात घेतलेला तो आवाज, त्याचे अर्धवट सोडलेले शब्द, शेवटचं विचारणं. तो तिच्या तोंडून अगदी हुबेहूब निघाला.

आईने डोळे मिटून ऐकलं.

"मीबी बलावलं असतं त्येला," ती म्हणाली, आणि इस्त्री परत निखाऱ्यावर ठेवली.

आई त्यानंतर फार जगली नाही. लाली शहराच्या एक्स्चेंजमध्ये काम करत राहिली, यंत्रं येऊन बायकांची गरज संपेपर्यंत. हळू बोलणाऱ्या माणसांशी तिचं कधी जमलं नाही. पाद्री मऊ बोलतो म्हणून तिने देऊळ बदललं, आणि डॉक्टर तर दोन सोडले. उशिरा तिने लग्न केलं ते गुरांच्या बाजारात बोली पुकारणाऱ्या तोरिबियोशी. हा गडी मीठ मागायचा तरी शेजारी दार उघडून बघायचे. मैत्रिणी म्हणायच्या, लाली, कान फुटतील तुझे. ती म्हणायची, फुटू द्या. ह्याच्या पोटात काय आहे ते गल्लीभर कळतं, मला तेवढं पुरे.

मार्शल परदेशात, अंथरुणात, म्हातारा होऊन मेला. त्या दिवशी रेडिओवाल्यांनी त्याचं जुनं भाषण लावलं, लोकांना आठवण म्हणून. तोरिबियो अंगणातून ओरडला, "बंद कर ते मढं!"

"राहू द्या," लाली म्हणाली. "ह्याचं मला काही होत नाही."

आणि खरंच, खोलीभर तो आवाज गडगडत होता, भांडी थरथरत होती, आणि ती शांतपणे कांदा चिरत होती.